क्राऊन बदलायचा की गिअर खाली टाकायचा? ट्रॉली ओढणाऱ्या डिझेल पिकअपवाल्यांसाठी

मे महिना संपत आला की गोव्यात हा प्रश्न दरवर्षी उगवतो. १ जूनपासून ६१ दिवस मासेमारी बंद, समुद्र खवळणार, म्हणून फायबरच्या होड्या आणि स्पीडबोटी पाण्याबाहेर काढायच्या, ट्रॉलीवर बांधायच्या आणि पिकअपला जोडून घरी न्यायच्या. दुसरीकडे कुणी बेळगावहून जनरेटर आणतो, कुणी तो परत पोचवायला जातो. मग विचारणा येते, "बाब, चोर्ला घाटाच्या चढाला गाडी बसते. ४.१० चा क्राऊन मिळतोय, घालू?" क्राऊन म्हणजे मागच्या ॲक्सलमधलं मोठं दातेरी चक्र. ४.१० हा त्याचा रेशो, म्हणजे चाक एकदा फिरायला गिअरबॉक्समधून येणारा दांडा ४.१० वेळा फिरतो.

बहुतेकांना नको. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे.

घोळाचं मूळ अमेरिकन व्हिडिओंत आहे. तिकडे मोठा डिझेल ट्रक बुक करतानाच मागच्या ॲक्सलचा रेशो निवडता येतो. रॅमच्या कमिन्स डिझेलला ३.४२, ३.७३, ४.१०, फोर्डच्या सुपर ड्युटी डिझेलला ३.३१, ३.५५, ४.१०. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरे जास्त. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पण त्यावरून "ओढायचं असेल तर ४.१०च" असा जो निष्कर्ष काढतात, तो गिअरबॉक्स नावाची वस्तू गाडीत नाहीच असं धरून काढलेला असतो. शिवाय आपल्याकडे हिलक्स घ्या नाहीतर डी-मॅक्स, शोरूममध्ये ॲक्सल रेशोचा पर्याय कुणी पुढे ठेवत नाही. म्हणजे आपल्या हातात जे नाही त्याची चर्चा जास्त, आणि डाव्या हातात जी दांडी आहे तिची काहीच नाही.

गिअरबॉक्स इंजिनाचे फेरे एकदा कमी करतो, मागच्या हौसिंगमधला क्राऊन-पिनियन दुसऱ्यांदा. चाकापर्यंत पोचतो तो दोघांचा गुणाकार. गिअरच्या सायकलीत पेडलजवळची चकती म्हणजे क्राऊन आणि मागच्या चकत्या म्हणजे गिअरबॉक्स. पुढची चकती लहान केली काय किंवा मागची मोठी केली काय, पायाला फरक कळत नाही. चढाला तर त्याहून कळत नाही.

हे आकड्यांत बघू, कारण आकडे मांडल्याशिवाय हा वाद मिटत नाही. रॅममध्ये २०२४ पर्यंत येणाऱ्या ६-स्पीड ऑटोमॅटिकचे (६८आरएफई) रेशो ३.२३, १.८४, १.४१, १.००, ०.८२ आणि ०.६३ असे आहेत. समजा तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये चढताय आणि इंजिन १५०० आरपीएमवर धापा टाकतंय. ३.७३ च्या क्राऊनवर एकूण गुणाकार १.४१ गुणिले ३.७३, म्हणजे ५.२६. क्राऊन ४.१० केलात तर ५.७८. फायदा १० टक्के, इंजिन १५०० वरून १६५० वर. आता जुन्याच क्राऊनवर नुसता दुसरा गिअर टाका. गुणाकार ६.८६, फायदा ३० टक्के, इंजिन १९५० च्या आसपास. एका बाजूला हौसिंग उघडायचं, नवे दात जुळवायचे, हजारो रुपये घालवायचे आणि १० टक्के मिळवायचे. दुसऱ्या बाजूला दांडी एकदा हलवायची आणि ३० टक्के मिळवायचे. तरी लोक पहिल्याची चौकशी करतात.

यावर "पण इंजिन ओरडतं ना" असं उत्तर ठरलेलं. ओरडू द्या. मला सगळ्यात जास्त राग येतो तो या इंजिन जपण्याचा. १२०० आरपीएमवर पूर्ण एक्सिलरेटर दाबून घाट चढणं याला हे लोक इंजिनाची काळजी म्हणतात. तिथे टर्बोला पुरेसा दाब मिळत नाही, सिलिंडरमध्ये डिझेल जास्त आणि हवा कमी, मागून काळा धूर, आत उष्णता, क्रँकच्या बेअरिंगवर नको तेवढा भार. डी-मॅक्स व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं इंजिन आपला सगळा टॉर्क, ३६० न्यूटन-मीटर, २००० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात देतं. कंपनीनेच सांगून ठेवलंय की काटा तिथे ठेवा. काटा त्याच्या खाली घसरला की एक गिअर खाली, यात विचार करण्यासारखं काही नाही.

मुळात घाट गाडीकडे मागतो ती शक्ती, म्हणजे हॉर्सपॉवर. गाडी, ट्रॉली, सामान मिळून ४ टन धरा, चढ ८ टक्क्यांचा धरा, वेग ताशी ४० किलोमीटर. हे ओझं वर न्यायला आणि टायरांचं घर्षण सोसायला चाकांवर साधारण ५६ हॉर्सपॉवर लागतात. क्राऊन कुठलाही असो, गिअर कुठलाही असो, हा आकडा बदलत नाही. ती रस्त्याची मागणी आहे. ३६० न्यूटन-मीटरचं इंजिन २००० आरपीएमला शंभरेक हॉर्सपॉवर देतं, म्हणजे मधली गळती धरूनही काम भागतं. तेच इंजिन १२०० वर, टर्बो अर्धा झोपेत असताना, तेवढी शक्ती देऊ शकत नाही. म्हणून गाडी बसते. चुकीच्या गिअरमुळे बसते, क्राऊनमुळे नाही.

मग क्राऊनचा उपयोग कधीच नाही का? आहे, दोन टोकांना. गिअर खाली टाकता येतो तोवर गिअरबॉक्स सगळं सांभाळून घेतो. पहिल्याच्या खाली गिअर नाही, तिथे क्राऊन बोलतो. आणि सपाट रस्त्यावर सगळ्यात वरच्या गिअरमध्ये तासन् तास राहायचं असेल, तिथे बोलतो.

पहिलं टोक म्हणजे उभ्या चढावर भरल्या ट्रॉलीसकट गाडी उचलणं. पण तिथेही नुसता क्राऊन बघणारा फसतो. त्याच रॅमला काही मॉडेलांत आयसिनचा ६-स्पीड गिअरबॉक्स येत असे, त्याचा पहिला गिअर ३.७५. त्याला ३.७३ नी गुणा, १४ च्या जवळ. ६८आरएफईचा पहिला ३.२३ घेऊन ४.१० चा क्राऊन लावला तरी १३.२ च. म्हणजे "कमजोर" क्राऊनवाली गाडी जागेवरून जास्त जोरात उचलते. गुणाकार करा हो, एक आकडा बघून भाव ठरवू नका.

दुसरं टोक म्हणजे टॉप गिअर. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर मागे होडी घेऊन ताशी ७०-८० ने चाललात की वाऱ्याचा अडथळा वाढतो, आणि सहाव्यात इंजिन १४००-१५०० वर रेंगाळतं. ऑटोमॅटिक असेल तर पाचवा-सहावा, पाचवा-सहावा असा खेळ सुरू होतो. मोठ्या आकड्याचा क्राऊन हा खेळ थांबवतो हे खरं. पण पाचव्यावर अडकवून ठेवल्यानेही तो थांबतो, फुकटात. पणजीच्या अटल सेतूचा किंवा कुठ्ठाळीच्या नव्या जुवारी पुलाचा चढ सहाव्यातच काढण्यात कसला पुरुषार्थ आहे, मला अजून कळलेलं नाही.

एक रास्त अपवाद मात्र मान्य. दोन गिअरांमधली दरी मोठी असेल, तर मध्येच असा वेग सापडतो जिथे वरचा गिअर इंजिन दाबतो आणि खालचा किंचाळतो. वर दिलेल्या आकड्यांत पहिल्या-दुसऱ्यामध्ये ३.२३ वरून थेट १.८४ अशी उडी आहे. घाटातल्या आखूड वळणावर ताशी १५-२० ला ती जाणवते. रोज तोच घाट, तेच ओझं असेल आणि तुम्ही नेमके त्याच खड्ड्यात पडत असाल तर क्राऊनचा विचार करा. तेव्हाही एक लक्षात ठेवा: फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढचा आणि मागचा दोन्ही रेशो बदलावे लागतात. नुसता मागचा बदलून फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारा मोड) टाकलात की पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात आणि पुढे-मागे ताकद वाटणारा डबा, म्हणजे ट्रान्स्फर केस, मध्ये चिरडतो. "नुसता मागचा घाला, चालतं" म्हणणाऱ्या मेस्त्रीच्या दारातून गाडी परत काढा.

क्राऊन स्वतःच्या हाताने बिघडवणारेही आहेत. मोठे टायर घालणारे. ७५० मिलिमीटर व्यासाच्या जागी ८०० चा टायर आला की ३.७३ चा क्राऊन प्रत्यक्षात ३.५० सारखा वागतो, वर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. आणि मग हेच विचारतात, गाडीची ओढ का गेली. आधी कंपनीच्या मापाचे टायर परत घाला, मग बोलू.

फोर-एल आणि पहिला गिअर यांत गोंधळ होण्याचं कारण नाही. फोर-एल म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्हचा हळू, जास्त ओढीचा मोड; तो सगळ्याच गिअरांना, रिव्हर्सलाही, अंदाजे अडीचपट खाली नेतो. शेवाळलेल्या उतारावरून होडी पाण्याबाहेर काढताना तो वापरा. रिव्हर्समध्ये हाफ क्लचवर तिष्ठत प्लेट जाळणाऱ्यांनी तर नक्की वापरा. कोरड्या सिमेंटवर वळण घेताना वापरू नका, पुढची-मागची चाकं एकत्र बांधणारी पार्ट-टाइम सिस्टिम आखडते.

ऑटोमॅटिकमध्ये टो मोडचं बटण असेल तर ते दाबल्याने ताकद वाढत नाही. ते गिअर उशिरा वर टाकतं, ब्रेक दाबला की खाली आणतं, आणि टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला तेलाचा जोड) लवकर लॉक करतं. हे शेवटचं काम मोलाचं, कारण कन्व्हर्टर घसरत राहिला की तेल तापतं आणि गिअरबॉक्स त्यानेच मरतो. बटण नसेल तर मॅन्युअल मोडमध्ये तिसरा धरून ठेवा, काम तेच. हिलक्सच्या ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर आणि मॅन्युअलला ४२० असतात, म्हणून ऑटोमॅटिकवाले निर्धास्त दिसतात. घाटात मात्र तेही सगळं डी मध्ये सोडून देतात, आणि तेल त्यांचंही तापतं.

उतरताना गिअरचं महत्त्व चढण्याहून जास्त. पेट्रोल इंजिनासारखा थ्रॉटलचा व्हॅक्यूम डिझेलकडे नसतो, त्यामुळे कमी फेऱ्यांवर ते गाडी जवळजवळ अडवतच नाही. अमेरिकन ट्रकांना त्यासाठी एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाला आवळणारा ब्रेक, असतो. आपल्या पिकअपांना तो सहसा नसतो. म्हणून अनमोड उतरताना दुसरा गिअर घाट सुरू होण्याआधीच टाका, वेग वाढल्यावर नव्हे, आणि काटा २५००-३००० वर जाऊ द्या. पाय एक्सिलरेटरवरून काढलेला आणि गाडी गिअरमध्ये असली की कॉमन-रेल इंजिन डिझेल टाकतच नाही. न्यूट्रल करून इंधन वाचवणारे त्यामुळे उलट डिझेल जाळतात आणि वर लायनिंगही. मोलेमला पोचेपर्यंत ब्रेकचा वास आला तर गाडी सपाट जागी लावा, चाकांखाली दगड लावा, हँडब्रेक ओढू नका आणि अर्धा तास थांबा. तापलेल्या ड्रमवर बाटलीतलं पाणी ओतू नका, तडा जातो.