थरथरणारे हात आणि वाढणारे वजन: मनोविकारांवरील औषधांच्या दुष्परिणामांची पार्श्वभूमी

मनोविकारावरील गोळ्या सुरू झाल्यावर हात थरथरू लागले, चेहरा निर्विकार झाला किंवा एका जागी बसवेनासे झाले, की आजारच बळावला असे समजून गोव्यातील कित्येक घरांत त्या परस्पर बंद केल्या जातात. ही लक्षणे औषधामुळेही उद्भवतात, हे डॉक्टरांना १९५०च्या दशकातच दिसले होते. मात्र त्यांचा अर्थ तेव्हा निराळा लावला गेला.

१९४९ साली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांना मनोविकारांवरील मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गोवा त्याच देशाच्या अमलाखाली होता. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध तयार झाले आणि १९५२मध्ये पॅरिसचे मनोविकारतज्ज्ञ डिले व डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिल्यावर भ्रम आणि भास ओसरू लागले. त्या सुटकेचे मोल कमी लेखू नये. परंतु हे औषध मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे कार्य रोखते आणि हालचालींवरचा ताबाही डोपामिनवरच अवलंबून असल्यामुळे कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. ती दिसल्याशिवाय औषध लागू पडत नाही, असे अनेक डॉक्टर मानू लागले. जर्मनीतील मनोविकारतज्ज्ञ हाझे यांनी तर रुग्णाच्या हस्ताक्षरातील सूक्ष्म बदलावरून पुरेशी मात्रा ठरवण्याची पद्धत मांडली. दीर्घ वापरानंतर जीभ आणि ओठ आपोआप हलत राहण्याच्या विकाराच्या नोंदीही १९५७पासून होऊ लागल्या, आणि हा विकार कधीकधी औषध थांबवल्यावरही जात नाही.

थरथरीशिवाय गुण येत नाही हा समज क्लोझापिन या औषधाने मोडला, कारण थरथर फारशी न आणताही ते गुणकारी ठरले. त्याची किंमत वेगळी होती: १९७५मध्ये फिनलंडमध्ये रक्तातील पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले, अनेक ठिकाणी ते मागे घेतले गेले, आणि १९८८च्या अमेरिकी चाचणीनंतर नियमित रक्ततपासणीच्या अटीवर ते परतले.

त्यानंतरच्या ओलान्झापिनसारख्या औषधांनी वजन आणि रक्तातील साखर वाढते, हे लक्षात आल्यावर २००४मध्ये अमेरिकी तज्ज्ञ संघटनांनी वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, रक्तातील साखर आणि चरबी उपचाराच्या आरंभीच मोजण्याची शिफारस केली. गोव्यासाठी ही गोष्ट विशेष गंभीर आहे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यातच आढळले. त्यामुळे बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत उपचार चालू असोत की मडगाव-म्हापशाच्या खासगी दवाखान्यात, साखरेची पहिली तपासणी गोळ्या सुरू होतानाच करून घ्यावी, आणि थरथर दिसली तर गोळी थांबवण्याआधी डॉक्टरांना सांगावे.