कोराच करंडक दुबळ्यांचा नव्हता
कोराच करंडक म्हणजे युरोपातल्या दुबळ्या बास्केटबॉल क्लबांची स्पर्धा, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. १९७२ ते २००२ या काळात चाललेली ही स्पर्धा मानाने तिसरी होती, एवढंच. मानाने पहिल्या असलेल्या स्पर्धेत देशोदेशीचे लीगविजेते जायचे, दुसरीत देशांतर्गत करंडक जिंकणारे. मग लीगमध्ये दुसरे-तिसरे आलेले तगडे संघ जाणार कुठे? इथेच! १९८८ च्या अंतिम फेरीत रेआल माद्रिदने हरवलं ते युगोस्लाव्हियाचा दिग्गज खेळाडू द्राझेन पेत्रोविच याच्या सिबोना क्लबला. पुढच्याच वर्षी करंडक नेला बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबने, आणि त्या संघात व्लादे दिवाच होता, प्रेद्राग दानिलोविच होता, दोघेही पुढे अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये खेळलेले. अशा खेळाडूंना दुबळं म्हणणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे.