झेब्रा सोडला तर शर्यत जिंकेल काय?

2005 साली 'रेसिंग स्ट्राइप्स' नावाचा पिक्चर आला होता, मे महिन्याच्या सुट्टीत घरभर दंगा करणाऱ्या पोरांना एका जागी बसवायला अजूनही बेस्ट. सर्कसवाल्यांकडून भर पावसात मागे राहिलेलं झेब्र्याचं पिल्लू, केंटकीतला एक शेतकरी ते घरी आणतो, पिल्लू स्वतःला रेसचा घोडाच समजायला लागतं आणि शेवटी खऱ्याखुऱ्या रेसच्या घोड्यांना हरवतं. शेळी बोलते, पेलिकन बोलतो, दोन माश्या तर तोंडच मिटत नाहीत. आपल्या अलिबाग-मुरूड पट्ट्यातल्या पोरांना हे सगळं लगेच पटतं, कारण पुळणीवरच्या बैलगाड्या-घोडागाड्यांच्या शर्यती बघतच ती मोठी होतात (बैलांच्या शर्यती 2014 ला कोर्टाने बंद केल्या होत्या, डिसेंबर 2021 मध्ये परत परवानगी मिळाली). त्यामुळे पिक्चर संपला की प्रश्न ठरलेला, "मामा, आपल्या इकडे झेब्रा सोडला तर जिंकेल काय?"

नाही जिंकणार. आणि त्यात जिद्दबिद्दचा काही संबंध नाही, पिक्चरवाले काहीही म्हणोत.

झेब्रा जिवाच्या आकांताने पळाला तर ताशी 60-65 किलोमीटरपर्यंत जातो. आता हे बघा, 1973 मध्ये अमेरिकेत सेक्रेटेरिएट नावाच्या घोड्याने दीड मैलाची बेलमाँट रेस 2 मिनिटं 24 सेकंदात मारली, म्हणजे ताशी 60 किलोमीटर, आणि हा टॉप स्पीड नाही हं, सुरुवातीपासून शेवटपर्यंतची सरासरी आहे! झेब्रा जेमतेम जिथे पोचतो तिथे हा गडी अडीच मिनिटं टिकून राहिला, तोही पाठीवर जॉकी घेऊन. जॉकीचा हिशोब तर अजून वाईट आहे. रेसचा घोडा साधारण 500 किलोचा, त्याच्यावर खोगिरासकट 50-55 किलो म्हणजे दहावा हिस्सा. आपल्याला चित्रात दिसतो तो मैदानी झेब्रा अडीचशे-तीनशे किलोचा, त्याच्यावर तेवढंच वजन टाकलं की पाचव्या हिश्शाच्या आसपास गेलं, आणि घोड्यावरसुद्धा त्याहून जास्त ओझं टाकू नये असं जाणकार सांगतात.

घोड्याच्या पोटात एक गंमत असते, प्लीहा. शांत उभा असताना तो लाल पेशींचा मोठा साठा तिथे राखून ठेवतो, पळायला लागला की प्लीहा आवळते आणि तो साठा रक्तात सुटतो, रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं ते साठच्या वर जातं. हृदयाचे ठोके मिनिटाला तीस-चाळीसवरून सव्वादोनशेच्या घरात. भरधाव पळताना प्रत्येक ढांगेला एक श्वास, ना कमी ना जास्त. आता ही देणगी घोड्याला मुळातच होती, पण तिला धार लावली माणसाने. आजच्या सगळ्या थरोब्रेड, म्हणजे खास रेससाठी पैदास केलेल्या जातीच्या घोड्यांची नराकडची वंशावळ सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडला नेलेल्या तीन घोड्यांवर जाऊन थांबते, आणि तेव्हापासून जो जिंकेल त्याचीच पिल्लं वाढवायची हा एकच धंदा चालू आहे.

झेब्र्याची निवड मात्र सिंहाने केली. आणि सिंहाची परीक्षा सरळ रेषेत दीड मैल पळायची नसतेच मुळी. बोट्सवानामध्ये संशोधकांनी सिंह आणि झेब्रे दोघांच्या गळ्यात पट्टे बांधून त्यांच्या पळण्याची मापं घेतली, ते काम 2018 मध्ये छापून आलं. सिंहाच्या स्नायूंची ताकद झेब्र्यापेक्षा वीसेक टक्के जास्त निघाली, वेग पकडण्यातही तोच पुढे. मग झेब्रा वाचतो कसा? तर तो पूर्ण स्पीडने पळतच नाही! थोडा हळू पळतो, सिंह अगदी जवळ आला की शेवटच्या क्षणी भलतीकडेच वळतो, कारण स्पीड कमी असेल तरच असं झटकन वळता येतं. ही कला रेसकोर्सवर शून्य मार्कांची, दुसऱ्या घोड्याच्या आडवा आला म्हणून बाद करतील ते वेगळंच.

पुळणीवर तरी काही फायदा होईल का? आपल्याकडे शर्यती ओहोटीला पाण्याजवळच्या घट्ट वाळूवर होतात ते उगाच नाही. कोरड्या वाळूत पाय रुततो, कण सरकतात आणि ढकललेला जोर त्यातच फुकट जातो, माणसांवर मोजलं तेव्हा वाळूत पळायला कडक जमिनीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागली. ओल्या वाळूत कणांच्या मधलं थोडंसं पाणी पृष्ठताणामुळे कणांना धरून ठेवतं. पाणी उतरलेल्या जागी पाय दाबून बघा, पावलाभोवतीची वाळू एकदम कोरडी पांढरट दिसते, दाबाने कण एकमेकांवर चढतात, मधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने 1885 मध्ये हे नीट समजावून सांगितलं. असली घट्ट पट्टी मिळाली तर फायदा घोड्याला आणि झेब्र्याला सारखाच, म्हणजे परत घोडाच पुढे.

एका बाबतीत मात्र झेब्रा सगळ्यांना हरवतो आणि नेमकं तेच पिक्चरने उलटं दाखवलंय. त्या दोन बडबड्या माश्या! इंग्लंडमध्ये घोडे आणि झेब्रे जवळजवळ असलेल्या ठिकाणी संशोधकांनी व्हिडिओ काढून बघितलं, चावऱ्या माश्या दोघांच्या जवळ सारख्याच येत होत्या, पण झेब्र्यावर उतरताना त्यांना ब्रेकच लागत नव्हता, धडकत होत्या नाहीतर तशाच पुढे जात होत्या. घोड्यांना पट्टेरी झूल घातली तर झुलीवर माश्या कमी, उघड्या डोक्यावर मात्र तेवढ्याच. जपानमध्ये तर काळ्या गायींवर पांढरे पट्टे रंगवले आणि चावणं निम्म्यावर आलं. दोन्ही प्रयोग 2019 सालचे. पावसात गोमाश्यांनी हैराण झालेली गुरं ज्यांच्या गोठ्यात आहेत त्यांनी करून बघायला हरकत नाही, शेजारी हसतील तेवढं सोसायचं.

राहिलं बोलणं. ओठ हलवणं हे कॉम्प्युटरचं काम, पण घोडा मुका अजिबात नाही. त्याच्या खिंकाळण्यात एकाच वेळी दोन वेगळे सूर असतात आणि मनस्थिती बदलली की ते सूरही बदलतात. 2015 मध्ये त्याच्या चेहऱ्याच्या हालचालींची यादी केली तेव्हा 17 वेगवेगळ्या निघाल्या, चिंपांझीच्या 13च आहेत. माणसाचा रागीट चेहरा नुसता फोटोत दिसला तरी घोड्याच्या छातीचे ठोके वाढतात हेही तपासून झालंय. सगळ्यात जास्त बोलतात ते कान. काशीदला किंवा वरसोलीला पोरांना घोड्यावर बसवायच्या आधी तिकडे बघा, कान पुढे किंवा सैल बाजूला असतील तर ठीक, मागे चपटे करून मानेला चिकटवले असतील तर घोडेवाला "काय नाय करत वो" म्हणाला तरी पोराला दोन पावलं मागे घ्या.