भाण गेलं, आकड्यात आलं नाही

गेल्या पावसाळ्यात गोव्यात बांदोड्याला मामीच्या न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण चोरीला गेलं. आजीच्या लग्नातलं, काठावर आजोबांचं नाव ठोकलेलं, बुडाला काजळीचा जाड थर. न्हाणी घराच्या मागे, तिच्या दाराला कडीही नव्हती. पहाटे पाणी तापवायला मामी गेली तर चुलीवर काहीच नाही. त्यानंतर दोनेक महिन्यांनी मामेभावाची स्कूटर फोंड्याला बसस्थानकाजवळून चोरीला गेली. तो तासाभरात पोलीस ठाण्यात पोचला. भाणासाठी आजवर कोणी गेलेलं नाही.

किमतीचा हिशोब म्हणावा तर स्कूटर दहा वर्षं जुनी, लाथा मारून सुरू होणारी. तांब्याला भंगारातही बऱ्यापैकी भाव मिळतो. मी मामीला विचारलं, तू का नाही गेलीस? ती म्हणाली, "जाऊन काय सांगू? संशय कुणावर, विचारतील. वाड्यावरच्याच पोराचं नाव घेऊ? त्याची आई चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घेऊन येते, तिला तोंड कसं दाखवू?"

भाऊ गेला, कारण विमा कंपनीला एफआयआरची प्रत हवी होती. शिवाय त्याच स्कूटरवरून उद्या कोणी कुणाच्या गळ्यातली साखळी ओढली तर पोलीस आधी ह्याच्या दारात येणार. थोडक्यात, त्याला एक कागद हवा होता. मामीला कागदाचा काही उपयोग नव्हता, उलट त्या कागदाची भीतीच होती.

गुन्ह्यांचे आकडे वाचताना मला ही दोन माणसं आठवतात. वर्तमानपत्रात 'चोऱ्या घटल्या', 'गुन्हे वाढले' असं छापून येतं, तेव्हा प्रत्यक्षात मोजलेल्या असतात त्या तक्रारी.

ही अडचण नवी नाही. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले फ्रान्सच्या न्यायालयांची आकडेवारी चाळत होता. दरवर्षी गुन्ह्यांची संख्या जवळजवळ तेवढीच येते, हे बघून तो चकित झाला. 1835 च्या आसपास त्याने हेही कबूल केलं की आपल्याला कळतात ते फक्त उघडकीला आलेले गुन्हे. एकूण किती झाले ते कळत नाही. त्यावर त्याने तोडगा काढला, की उघड आणि लपलेले यांचं प्रमाण कायम असतं असं धरून चालू. खगोलशास्त्रज्ञाला शोभेल असा तोडगा, पण तो आमच्या मामीला भेटला नव्हता. स्कूटर जवळपास प्रत्येक वेळी नोंदली जाते, भाण जवळपास कधीच नाही. प्रमाण गुन्ह्यागणिक बदलतं आणि काळागणिकही बदलतं. नोंदीत न आलेल्या या भागाला गुन्हेशास्त्रात अंधारातला आकडा म्हणतात.

तक्रार केली तरी गुन्हा आकड्यात येईलच असं नाही. गेल्या वर्षी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझ्या एका मित्राच्या खिशातून फोन गेला. एका ठाण्यावर त्याला सांगण्यात आलं, 'हरवला' असं लिहून द्या, लवकर काम होईल. त्यालाही नवीन सिमकार्डापुरताच कागद हवा होता, त्याने लिहून दिलं. 'चोरीला गेला' आणि 'हरवला' यांत फरक एका शब्दाचा, पण दुसऱ्या शब्दाने गुन्हा नाहीसा होतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. अदखलपात्र प्रकरणात मात्र पोलीस वहीत नोंद करतात आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. पुढे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची मोजणी येते. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर त्यांतला सर्वांत जबर शिक्षेचा तेवढा धरला जातो. घर फोडून खून झाला तर आकड्यात खून येतो, घरफोडी गळते.

काही गुन्हे असे की ज्यांत तक्रार करायला कोणी उरतच नाही. आपल्याकडे मटका घ्या. आकडा लावणारा खूश, घेणारा खूश. नंबर लागला नाही म्हणून कोणी ठाण्यात जात नाही! त्यामुळे मटक्याचे गुन्हे किती, याचं उत्तर धाडी किती पडल्या यावर ठरतं. धाडी वाढल्या की गुन्हा वाढलेला दिसतो, थांबल्या की गोवा एकदम शहाणा. गंमत म्हणजे गोव्याचा जुगारविरोधी कायदा 1976 चा. नव्वदच्या दशकात त्यातच दुरुस्त्या होऊन कॅसिनोंना वाट मिळाली. मांडवीतल्या जहाजावर जे चालतं त्याला परवाना असतो, नाक्यावरच्या गाड्यावरच्या चिठ्ठीला नसतो.

याहून विचित्र प्रकार म्हणजे आपल्यावर गुन्हा झालाय हेच माहीत नसणं. जमिनीच्या जुन्या पोर्तुगीजकालीन कागदांवर खोट्या सह्या, मेलेल्या माणसांच्या नावे विक्रीपत्रं. मालकाचे वारस मुंबईला, पोर्तुगालला नाहीतर आखातात. ते कधीतरी मे महिन्यात येतात, एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, काढतात आणि त्यावर भलत्याचंच नाव दिसतं. अशी प्रकरणं इतकी साचली की 2022 मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही. ज्या वर्षी जमीन लाटली गेली त्या वर्षीच्या आकड्यांत यातलं काहीच नव्हतं. एडविन सदरलंड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1939 साली 'पांढरपेशा गुन्हा' हा शब्द रूढ केला, तेव्हा त्याचं हेच म्हणणं होतं, की आपण गुन्हेगारीची कल्पना तुरुंगातली माणसं बघून करतो. आणि कचेरीत बसून गुन्हे करणारे तिथे फारसे भेटत नाहीत.

शरमेने आणि भीतीने दडलेले गुन्हे हा सगळ्यांत मोठा ढीग. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या फक्त 14 टक्के निघाल्या. 77 टक्के बायकांनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नाही. म्हणजे बहिणीलाही नाही, आईलाही नाही. ठाणं त्यानंतरची गोष्ट. मुलांचं तर विचारूच नका. मडगावातल्या एका अनाथाश्रम चालवणाऱ्याला 1991 मध्ये अटक झाली, 1996 मध्ये शिक्षा झाली. त्याआधी कित्येक वर्षं गाव त्याला परोपकारी समजत होता. गोव्याने 2003 मध्ये स्वतःचा बालकायदा केला, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा देशाचा पॉक्सो कायदा आला 2012 मध्ये. या कायद्यात अत्याचार ठाऊक असून न कळवणं हाही गुन्हा आहे. मूल स्वतः ठाण्यात जाणार नाही, म्हणून तक्रारीचं ओझं मोठ्यांवर टाकलं.

मग खरा आकडा शोधायचा कसा? ठाण्याऐवजी घरोघरी विचारायचं. अमेरिकेत 1973 पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये 1982 पासून हजारो घरांना विचारतात, गेल्या काही महिन्यांत तुमच्या बाबतीत काय काय झालं? अमेरिकेच्या पाहणीत वर्षानुवर्षं दिसतं, की हिंसक गुन्ह्यांपैकी निम्म्याहून जास्त पोलिसांपर्यंत जातच नाहीत, आणि सगळ्यांत जास्त नोंदली जाते ती वाहनचोरी. विम्याचा कागद तिकडेही लागतोच. या पद्धतीतही खोट आहे. माणसाला जुना प्रसंग अलीकडचा वाटतो. दोन वर्षांपूर्वीची चोरी 'या शिमग्याच्या आसपासच झाली हो' म्हणून सांगितली जाते. म्हणून अमेरिकेत एकाच घरात दर सहा महिन्यांनी जात. पहिल्या भेटीतलं मोजणीत धरत नसत, पुढच्या भेटीत जुनंच पुन्हा सांगितलं जात नाही ना, हे ताडायला ते वापरत. आपल्याकडे अशी देशव्यापी पाहणी नेमाने होत नाही.

म्हणून वाढलेला आकडा बघून लगेच घाबरू नये असं मला वाटतं. दिल्लीत 2015 पासून वाहनचोरी ऑनलाइन नोंदवता येऊ लागली. दार उघडलं की माणसं आत येतात, चोर तेवढेच असले तरी. जुलै 2024 पासूनच्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात तक्रार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवून तीन दिवसांत सही करता येते. ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर तर माणसं आपणहून फोन करतात, कारण वेळेत कळवलं तर गेलेले पैसे गोठवता येतात. आशा असली की शरम जरा मागे सरते.

मामीच्या न्हाणीला आता कडी बसली आहे. गीझर घेऊया म्हटलं तर ऐकत नाही. परवा मी म्हापशाला निघालो तेव्हा म्हणाली, बाजारात जुनी भांडी विकायला बसतात ना, जरा काठ बघून ये. आजोबांचं नाव दिसलं तर?

"दिसलं तर भाव विचार."