बर्फाने मिल्कशेक दाट होत नाही, पातळ होतो

‘शेक पातळ झालाय? अजून चार खडे बर्फ टाक!’ उन्हाळ्यात घरोघरी मिळणारा हा सल्ला चुकीचा आहे. चुरलेल्या बर्फामुळे शेक क्षणभर घट्ट वाटतो खरा, पण पेला हातात येईपर्यंत तो वितळू लागतो. घरच्या ट्रेमधले 6 खडे म्हणजे साधारण 100 मिली पाणी. दुधात पाणी घातलं म्हणून आपण दूधवाल्याशी भांडतो आणि इथे स्वतःच घालतो!

दाटपणा येतो तो गर, साय आणि गोठलेल्या दुधातून. हापूसच्या फोडी किंवा पिकलेल्या केळ्याच्या चकत्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फच हवा तर दुधाचाच लावा. वितळला तरी दूधच राहतं. दोन वाट्या गोठलेल्या फोडींना अर्धी ते पाऊण वाटी गार दूध पुरतं. आधी कमीच घाला, नंतर वाढवता येतं.

मिक्सर जास्त फिरवला की शेक दाट होतो, हाही गैरसमज. पात्यांच्या घर्षणाने त्याचा गारवा जातो आणि तो पातळ होतो. थांबत थांबत फिरवा. पुण्याच्या मस्तानीतही आइस्क्रीमचा गोळा वरून सोडतात.