भारतात शंभरात दोनच दिव्यांग? प्रश्न कसा विचारला ते बघा

‘भारतात दिव्यांग फक्त २.२१ टक्के, जगात मात्र १६ टक्के. म्हणजे आपण जास्त धडधाकट’ हे विधान वर्षानुवर्षे फिरतंय. २०११च्या जनगणनेतला आकडा (सुमारे २.६८ कोटी) खरा आहे, पण निष्कर्ष चुकीचा.

तेव्हा घरोघरी मुळात ‘ही व्यक्ती दिव्यांग आहे का?’ असंच विचारलं गेलं. मुलीचं लग्न व्हायचंय, लोक काय म्हणतील, अशा घरात उत्तर ‘नाही’ येतं. गुडघ्यांनी जेरीस आलेल्या आजीही ‘वयोमानाप्रमाणे चालायचंच’ म्हणतात.

ही अडचण अनेक देशांत होती. म्हणून २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली ‘वॉशिंग्टन ग्रुप’ स्थापन झाला. विविध देशांच्या सांख्यिकी कार्यालयांतल्या तज्ज्ञांनी सहा प्रश्न तयार केले: दिसणं, ऐकू येणं, चालणं किंवा पायऱ्या चढणं, आठवणं वा लक्ष लागणं, अंघोळ-कपडे स्वतः करणं आणि बोलणं समजणं-समजावणं. ‘चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का?’ याला चार उत्तरं: अजिबात नाही, थोडा, खूप, दिसतच नाही. कोणत्याही एका प्रश्नात ‘खूप’ किंवा त्यापुढचं उत्तर आलं की दिव्यांग म्हणून नोंद होते. अपंगत्वाचा उल्लेखही करावा लागत नाही. मला यातली माणुसकी फार मोलाची वाटते.

जागतिक १६ टक्के हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज, तोही वेगळ्या पद्धतीने काढलेला. त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करताच येत नाही. रॅम्प, पेन्शन, शाळेतल्या सोयी यांचा खर्च मात्र अशाच आकड्यांवरून ठरतो.