मायटोकॉन्ड्रियाला नुसतं पॉवरहाऊस म्हणून सोडू नका

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे काय, तो डोळे न उघडता सांगतो, पॉवरहाऊस ऑफ द सेल. उत्तर चूक नाही पण लै अर्धवट आहे. पेशीनं जगायचं का मरायचं ह्याचा निकालही बऱ्याचदा तिथंच लागतो.

पेशी मरणं दरवेळी वाईट नसतं. आईच्या पोटात आपल्या बोटांमधी पडदा असतो, त्या पेशी ठरवून मरतात म्हणून बोटं सुटी होतात. ह्याला अपॉप्टोसिस म्हणतात.

आता खरी गंमत. बॅक्स नावाचं एक प्रोटीन पेशीत एरवी गपचिप पडून असतं. डीएनए फारच बिघडला की त्याचा आकार बदलतो, ते मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यात जाऊन घुसतं, तिथं बॅक्सचे रेणू एकमेकाला चिकटतात आणि पडद्याला भोकं पडतात. त्यातून सायटोक्रोम सी नावाचं प्रोटीन बाहेर येतं. हेच सायटोक्रोम सी आत होतं तेव्हा इलेक्ट्रॉनची ने-आण करून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवायला हातभार लावत होतं, अन् बाहेर आलं की तेच जिवावर उठतं! ते ॲपाफ-१ नावाच्या प्रोटीनला धरतं, सात ॲपाफ मिळून चाकासारखी रचना होते, तिच्यावर कॅस्पेस-९ नावाचं, प्रोटीन कापणारं एन्झाईम चालू होतं, ते कॅस्पेस-३ ला चालू करतं, मग कॅस्पेस-३ पेशीतली प्रोटीनं कापत सुटतं.

आता ह्युमॅनिन, हे नाव लक्षात ठेवा. ते म्हणजे पेप्टाईड, अमिनो ॲसिडची एक छोटी साखळी. २००१ मधी जपानच्या केओ युनिव्हर्सिटीतल्या निशिमोतो यांच्या टीमला अल्झायमरच्या पेशंटच्या मेंदूचा जो मागचा भाग बऱ्यापैकी टिकून होता त्यातले जीन चाळताना ते सापडलं. २००३ मधी कळलं की ते बॅक्सला धरून ठेवतं, मायटोकॉन्ड्रियाकडं जाऊच देत नाही. आणि ह्या ह्युमॅनिनचा कोड कुठं, तर मायटोकॉन्ड्रियाच्याच डीएनएत, १६एस आरआरएनए (प्रोटीन बनवणाऱ्या रायबोझोमचा एक भाग) ह्याच्या जीनमधी! माणसाच्या ह्या डीएनएत १६,५६९ अक्षरं, ३७ जीन, पुस्तकात प्रोटीनं १३ च. त्यात हा चिमुकला पेप्टाईड कुणी मोजलाच नव्हता.

तो सायटोप्लाझममधी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेरच्या पेशीद्रवात, बनला तर २४ अमिनो ॲसिडचा, मायटोकॉन्ड्रियात बनला तर २१ चा. कारण बाहेर जो कोडॉन (तीन अक्षरांचा शब्द) अर्जिनिन ह्या अमिनो ॲसिडसाठी म्हणून वाचतात तो माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात 'थांब' म्हणून वाचला जातो. चौदाव्या जागी सेरीन काढून ग्लायसीन बसवलं की त्याची ताकद हजारपटीच्या आसपास जाते, त्याला एचएनजी म्हणतात.

इथंच धंदेवाले जागे होतात. ग्रुपवर 'वय थांबवणारं पेप्टाईड इंजेक्शन' फिरायलेत, वर कुणीतरी लिहितं की आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं, हीच संजीवनी. बाबांनो, उंदरांवर प्रयोग चांगले झाले, पण माणसासाठी औषध म्हणून ह्याला मान्यता नाही. आणि मरण अडवणारा रेणू चांगली पेशी अन् कॅन्सरची पेशी असा भेद करत नाही. जी पेशी बॅक्सनं मारायला पाहिजे होती तिलाही तो वाचवू शकतो, म्हणून कुणाच्या ओळखीतून आलेली शीशी टोचून घेऊ नका.